पेवावरची ऊब

आमच्या अंगणात पेव होतं. जमिनीच्या पोटात खोल कोरलेली धान्याची कोठीच ती. आत गवताचं आणि निंबाच्या पाल्याचं अस्तर, तोंडावर दगडी झाकण, त्यावर शेणमातीचा जाड लेप. उन्हाळ्यात ज्वारी आत जाई आणि दसरा झाल्यावरच पेव उघडे. तोवर घर कणगीतल्या ज्वारीवर चाले. पुढे नवं पीक येईपर्यंतची भाकरी मात्र पेवातली. पावसाळ्यात त्याला हात लावायचा नाही, हा नेम. ओली हवा आत शिरली की दाणा गेलाच.

घराच्या वरच्या अंगाला पूर्वी मोकळं रान होतं. पाऊस तिथे पडे आणि तिथेच मुरे. गावाला रेल्वे आली, आणि त्या रानावर व्यापाऱ्यांची पेठ उभी राहिली. उंच जोती, पत्र्याची छपरं, फरसबंद रस्ता. पाण्याला मुरायला माती उरली नाही, म्हणून मुन्शिपाल्टीने पेठेतून दगडी गटार काढलं आणि आमच्या भिंतीशी वळवून नाल्यात सोडलं. पहिल्या पावसाळ्यात मी ओसरीवर बसून त्याचा नाद ऐकत असे. आधी खळखळ, मग सलग घुमारा. कुणी तंबोऱ्याची एकच तार छेडून विसरून गेल्यासारखा.

त्या दिवाळीत गटार दिसेनासं झालं. दुकानापुढून पाणी वाहत गेलं तर लक्ष्मीही त्याच्यासोबत जाते, अशी पेठेतली समजूत. एकाने पूजनापूर्वी दारापुढे फरशी टाकून ओटा बांधला. आठवडाभरात सगळ्या पेठेने बांधले. ओट्यांवर पणत्या लागल्या, रांगोळ्या निघाल्या. माय आणि मी पाहायला गेलो होतो. तेलाचा आणि ओल्या चुन्याचा वास त्या संध्याकाळी एकमेकांत मिसळला होता. सगळंच फार सुंदर दिसत होतं.

पुढल्या पावसाळ्यात तो नाद आलाच नाही. त्याऐवजी आमच्या भिंतीच्या पायथ्यातून बुडबुडे येऊ लागले. पोळ्याच्या सुमारास झड लागली आणि काळसर, कुजक्या पानांच्या वासाचं पाणी अंगणात पसरलं. आबांनी, माझ्या वडिलांनी, पेवाभोवती मातीचा बांध घातला. सकाळी बांध विरघळलेला असे. ते पुन्हा घालत.

झड जरा उघडली तेव्हा आबा मुन्शिपाल्टीत गेले. परत आले ते धोतराचा सोगा पिळत ओसरीवर बसले.

"काय म्हनात?" मायने विचारलं.

तिथल्या कारकुनाचं शुद्ध बोलणं आबांनी तसंच म्हणून दाखवलं. "गटार बांधण्याचा ठराव झाला होता, पाटील. उपसण्याचा अजून व्हायचा आहे."

तरी मुकादम दोन सफाईवाले घेऊन आला. पेठेच्या तोंडाशी उभा राहून त्याने कपाळावर हात धरला. "गटार कोठे शे, आबा? माले तं नुस्ता ओटाच दिखी ऱ्हायनात!"

आबा त्याला पहिल्या दुकानाच्या शेठजींकडे घेऊन गेले. शेठजींनी आदराने पाट मांडला, पाणी दिलं. फरशी उचलण्याची गोष्ट निघताच ते हसून म्हणाले, "गटार मुनशिपाल्टी री, पाटील. ओटो म्हारो. पहले आगला घरसूं शुरू करो."

पुढच्या घराने त्याच्या पुढचं घर दाखवलं. कुणी रागावलं नाही, कुणी दार लावलं नाही. शेवटचं दार आमचं होतं, आणि आमच्या दारापुढे फरशीच नव्हती. मुकादम मान खाली घालून म्हणाला, "हुकूम नही शे, आबा. पराया ओटाले मी कसा हात लावू?" आणि पुन्हा पाऊस लागला.

एके सकाळी मी अनवाणी अंगण ओलांडत होते. चिखल गार होता. पायाच्या बोटांत शिरशिरी येत होती. पेवापाशी आले आणि तळव्याला ऊब लागली. क्षणभर बरं वाटलं मला, झोपलेल्या वासराच्या अंगावर पाय पडावा तसं. मी हसून मायला सांगितलं.

माय चुलीपुढून उठली. तिने पेवावरच्या मातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग आबांकडे पाहिलं.

"तपी ऱ्हायनी," ती म्हणाली.

खाली ओला दाणा कुजत होता, त्याची ती धग होती. आबांनी कुदळ उचलली, झाकणापाशी नेली, आभाळाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवून ठेवली. उघडलं तर पाऊस आत जाणार होता. न उघडलं तर पाणी आत होतंच. आम्ही त्या उबेच्या शेजारी दिवस काढले. माय रोज उठल्यावर हात ठेवी. मीही ठेवी. एके सकाळी ती ऊब ओसरलेली होती.

दसऱ्यानंतर पेव उघडलं. आतली हवा पाहण्यासाठी आबांनी दोरीला बांधून दिवा खाली सोडला. हातभर जाताच तो विझला. वर आला तो वास मला आजही आंबलेल्या कशालाही येतो. ज्वारी काळी पडून तिच्या ढेपा झाल्या होत्या. बैलांपुढे टाकली, बैलांनी हुंगून मान फिरवली.

त्याच आठवड्यात ठराव झाला असावा, कारण मुकादम माणसं घेऊन आला. ओट्यांना हात लावायचा नव्हता, म्हणून आमच्या भिंतीशी असलेलं गटाराचं तोंड तेवढं उपसलं, आणि निघालेला गाळ तिथेच भिंतीला लावून ठेवला. गाडी नंतर येणार होती.

पुढल्या पावसाळ्याचं आभाळ येईपर्यंत तो ढीग तिथेच होता. माय जाता-येता त्याच्याकडे पाही, आणि कणगीत हात घालून तळ कुठे लागतो ते चाचपी.