नातीचा बिनवायरचा हेडफोन

बायको गेल्यापासून मले एका जागी बसवत नाही. नातीले कॉम्प्युटरवर गेम खेळाले बिनवायरचा हेडफोन पाहिजे होता, म्हणून तिच्यासंगं सीताबर्डीले गेलो.

दुकानदार म्हणे, "काका, हा घ्या. बाहेरचं काहीच ऐकू येत नाही."

"मंग घरात मी मेलो तर हिले कळन कसं?"

नातीनं डोळे वटारले. मी एकेक हेडफोन तिच्या कानावर चढवून, गेम चालू ठेवून, मागून आवाज देत राहिलो. ती हलेचना. माझा जीव घाबरा झाला. बायकोले मी कधी नावानं बोलावलं नाही, तिले मारायचो ती हाकच सवयीनं तोंडातून निघाली, "आयकलं का वं?"

नात वळली. "आयकलं आबा. काय झालं?"

"काही नाही," म्हटलं. "हाच घे."