अर्जवाल्या आत्या

माझ्या बायकोच्या आत्यांइतका कागदावर विश्वास ठेवणारा माणूस उभ्या वसईत झाला नसेल. निवृत्त शिक्षिका, नंदाखालला केळीच्या वाडीत राहायच्या. आमच्याकडे आल्या आणि नळाला पाणी नसलं, की पहिला प्रश्न, "अर्ज केलात? पोच घेतलीत?" सत्यनारायणाचं तोंडी आमंत्रण घेऊन आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी एकदा "लेखी आणा" म्हणून दारातून परत पाठवलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या आत्या दर रविवारी एसटीने कामणला जाऊ लागल्या. तिथल्या गोदामांत राबणाऱ्या उत्तर प्रदेशी कुटुंबांच्या चाळीत त्या पोरापोरींची सभा भरवायच्या. दर आठवड्याला अध्यक्ष नवा. त्याने पत्र्याचा डबा वाजवला की आत्यासुद्धा गप्प. "पोटासाठी इथे आलात ना, मग इथल्या रस्त्याबद्दल बोलायचा हक्कही आलाच," असं त्या मुलांना सांगायच्या. घरचे वैतागायचे, "वाडी सोडून ही बाहेरच्यांची उठाठेव कशाला?"

त्या पोरांत सोळा वर्षांची सुनीता सगळ्यांत धीट. शाळेसमोर गतिरोधक हवा, हा अर्ज तिनेच मराठीत लिहिला. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही इथले का?" ती म्हणाली, "साहेब, ट्रक थोडाच विचारतो, कुठले म्हणून?" हे सांगताना आत्या हसून हसून डोळे पुसायच्या.

पाच महिन्यांत तीन अर्ज झाले. पोरं रस्त्यावर बसायचं म्हणू लागली, तेव्हा आत्यांनीच अडवलं, "थोडं थांबा. कागद पुढे सरकलाय." त्याच आठवड्यात सुनीताची आठ वर्षांची बहीण शाळेतून येताना ट्रकखाली गेली.

चार दिवसांत गतिरोधक झाला.

आत्यांनी कामणला जाणं सोडलं. जेवताना मध्येच घास खाली ठेवून म्हणायच्या, "थांबा असं मीच म्हटलं ना."

दोन महिन्यांनी सुनीता वाडीत आली. मी ओट्यावरच बसलो होतो. आत्यांना मान वर करवेना. "माझा राग नाही आला तुला?"

"आला ना, बाई. अजून पण आहे," सुनीता म्हणाली. "पण रस्त्यावर अंधार असतो. दिवे मागायचेत. चला."

आत्या उठल्या, चपला उलट्या पायांत घालून तिच्यामागून निघाल्या.

पुढे त्या सभेला जात राहिल्या. शेवटच्या रांगेत बसायच्या, बोलायच्या नाहीत. ठराव मताला टाकला, की मात्र पोरांच्या हातांबरोबर त्यांचाही हात हळूच वर जायचा.