तिसऱ्या दिवशीची माती

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, आजोबा नाहीत, तुझी शाळाही नाही, मग तू तिथे एकटी कशासाठी राहतेस?" तुमच्या आईने तिला दटावलं आणि विषय बदलला. दटावण्याचं काही कारण नव्हतं. तुमचे बाबा येत्या महिन्यात मला कायमचं तिकडे न्यायला येणार आहेत. त्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी जन्मभर तीच भाषा शिकवली. पण ज्यांचं बोलणं सांगायचं आहे, ती माणसं मला इंग्रजीत ऐकू येत नाहीत. बाबांकडून वाचून घ्या. यातलं बरंचसं त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी मध्येच थांबू नये.

क्रमाने सांगते.

तुमचे आजोबा गुरांचे डॉक्टर होते. भोर आणि वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांची मोटारसायकल ओळखीची होती. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून ते वासरू फिरवायचे, मग हात धुऊन त्याच घरच्या ओसरीवर जेवायला बसायचे. जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करायचे. घरातली माणसं भाकरीवर हात ठेवून थांबायची आणि शेवटी तीही 'आमेन' म्हणायची, जेवणाची परवानगी मिळाल्यासारखी. आमच्या घरातला विश्वास त्यांचा होता. माझी होती ती सवय. लहानपणापासून रविवारी उपासनेला गेले, म्हणून जात राहिले.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी रोज सकाळी त्यांना एक स्तोत्र वाचून दाखवायची. काही महिन्यांनी वाचन सुरू होताच ते भिंतीकडे तोंड फिरवू लागले. मला वाटलं, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत असेल. मी खाट उलटी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं. त्यानंतर मी वाचलं नाही. त्यांच्या मनात राग होता, थकवा होता की आणखी काही, ते मला कधी कळलं नाही. थंडीत एका सकाळी ते गेले. शेवटपर्यंत एक खूणही केली नाही.

त्यांच्या दफनाच्या वेळी तुम्ही फोनवर एक पेटी पाहिलीत आणि माणसांच्या पाठी. तुम्हाला न दिसलेलं असं: आमच्या आसपास ख्रिस्ती दफनभूमी नाही, म्हणून खड्डा आपल्याच शेताच्या कोपऱ्यात काढायचा ठरला. तो काढायला शेजारचा शेतकरी आला, मी त्याला दादा म्हणते, आणि खालच्या आळीतला बौद्ध गवंडी, तो पहार घेऊन. खणता खणता दादा म्हणाला, "आमी ल्हान लेकरास्नीच पुरतो, बाई. येवढ्या मोठ्या माणसाचा खड्डा पयल्यांदाच काढतोय." कमरेएवढं खणून झालं आणि कातळ लागला. पुण्याहून येणारे चर्चचे पाळक शिवऱ्याजवळ हायवेवर अडकले होते आणि त्यांना संध्याकाळच्या आत परतायचं होतं. तेवढ्याच खोलीवर भागवलं. पाळक म्हणाले, ते आता आनंदात आहेत. मला भिंतीकडे फिरवलेलं तोंड दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फाटकाची कडी वाजली. दादा, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि तो गवंडी. दादाच्या डोक्याला टोपी, हातात घमेलं. वहिनींच्या हातात दुधाचा तांब्या, आणि फडक्यात नाचणीची भाकरी, आजोबांना आवडायची तशी जाड.

"सावडायला आलोय," दादा म्हणाला.

त्यांच्यात तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन राख आणि अस्थी गोळा करतात, वर दूध शिंपडतात, मेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. त्याला सावडणं म्हणतात. दादाने स्वतःच्या हातांनी आजोबांवर माती लोटली होती, तरी तिसरा दिवस उजाडला तसे त्याचे पाय आपोआप इकडे वळले.

"आमच्यात सावडत नाहीत, दादा. राखच नसते," मी म्हणाले.

तो घमेल्याकडे बघत राहिला. गवंडी हसू दाबत म्हणाला, "मी वाटंत सांगत व्हतो, ऐकलं न्हाई."

"मग तिसऱ्या दिशी तुमच्यात काय करत्यात?" वहिनींनी विचारलं.

रविवारच्या शाळेत कितीतरी मुलांना मी हेच शिकवलं होतं. आमच्या धर्मात तिसऱ्या दिवसाएवढा मोठा दिवस नाही. मी म्हणाले, "काही नाही."

"आलोच हाये तर दूध तरी वततो," दादा म्हणाला. आम्ही चौघं शेताकडे निघालो.

कोपऱ्यावर पोचलो आणि वहिनींनी माझा दंड धरला. थडग्याची डोक्याकडची बाजू उकरलेली होती. माती चहूकडे उडाली होती आणि पेटीची फळी उघडी पडली होती. फळीवर नखांचे ओरखडे होते. फळी फुटली नव्हती. मी ते पाहिलं आणि बांधावर बसले.

दादा वाकून कुत्र्याच्या पंजांचे ठसे बघू लागला. मग म्हणाला, "डाक्टरांचंच पेशंट असणार. सुई टोचली व्हती, त्याचं उट्टं काढलं बेण्यानं."

मला हसू आलं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता त्याचं रडणं झालं, तेव्हा वहिनी शेजारी बसल्या. दादाने आणि गवंड्याने बांधावरच्या बाभळीपर्यंत उडालेली माती हाताने गोळा केली, गवतात अडकलेली ढेकळंसुद्धा. घमेल्यात भरून आणली, फळीवर घातली, तुडवून घट्ट केली. शेवटी दादाने सावडलंच. गवंड्याने टेम्पोतून दगड आणले. मी त्याला म्हणाले, "तुमच्यात हे सगळं मानत नाहीत ना?" तो म्हणाला, "दगड आणायला काय मानावं लागतं व्हय?" दगडांवर बोरीच्या काटेरी फांद्या टाकल्या. मग वहिनींनी दूध ओतलं. मी अडवलं नाही.

विहिरीवर हात धुताना वहिनींनी पुन्हा विचारलं, "खरंच काय न्हाई करत तिसऱ्या दिशी?"

मी सांगितलं. येशूला पुरलं होतं, तिसऱ्या दिवशी पहाटे बायका त्याच्या अंगाला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या. कबर उघडी होती.

"उकरली व्हती?"

"नाही. तो उठला होता."

वहिनी त्या काट्यांकडे बघत होत्या. "मग डाक्टर उठत्याल?"

हो म्हणायला हवं होतं. त्या उठण्यासाठीच तर आम्ही देह जाळत नाही. मी म्हणाले, "माहीत नाही, वहिनी."

त्यांना काही धक्का बसला नाही. पदराला हात पुसत म्हणाल्या, "उठलं तर उठलं, न्हाई तर न्हाई. पर कुत्र्यास्नी उकरू द्यायचं न्हाई."

मुलांनो, जगण्याला अर्थ कशाने येतो यावर मी दोन भाषांत पुष्कळ वाचलं आहे, आणि ते शिकवून पगारही घेतला आहे. त्यातलं काही त्या सकाळी बांधावर माझ्या कामाला आलं नाही. कामाला आले ते चुकीचा विधी करायला आलेले तीन लोक. बायबलातल्या त्या बायकाही तशाच होत्या, हे मला पुष्कळ दिवसांनी सुचलं. त्याही मेलेल्या देहासाठीच गेल्या होत्या, आणि तो उठेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. तरी त्या पहाटे निघाल्या. मला वाटतं, माणूस कुठल्याही धर्माचा असो, बहुतेक वेळा त्याच्या हातात एवढंच असतं. तुमच्या आजोबांनी शेवटी देवाकडे पाठ फिरवली की फक्त माझ्या आवाजाकडे, हे मला अजूनही ठाऊक नाही. ठाऊक न होताच मी मरेन.

माझं दुःख कमी झालेलं नाही. घर फार शांत असतं आणि गुडघे वळत नाहीत. रविवारी उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणताना तिसऱ्या दिवसाच्या ओळीपाशी माझा आवाज थांबतो, मग मी ती ओळ म्हणते.

बाबांना सांगा, जरूर या, पण मला न्यायला नको. बोरीच्या फांद्या पावसात कुजतात, दरवर्षी नव्या टाकाव्या लागतात. त्या कामाला दादा येतो, गवंडी येतो, आणि घरचं माणूस म्हणून मी उभी असते.

त्यानंतर थडगं पुन्हा कोणी उकरलेलं नाही. दगड जागेवर आहेत.