हिऱ्याचे सर

हिरा म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांपुढे दागिना, तिजोरी किंवा सराफाचं दुकान यांतलं काहीच येत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. हिऱ्याच्या पृष्ठभागावरचे अणू एकमेकांशी कसे वागतात, याचं गणित ते संगणकावर मांडत. आणि या दोन्हींतून उरलेल्या वेळात कॉलेजचा मराठी वार्षिक अंक काढत. मुलं त्यांना ‘हिऱ्याचे सर’ म्हणायची. बाहेरच्या लोकांना वाटे, की सरांचा हिऱ्यांचा काहीतरी धंदा असावा. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, हे ऐकून म्हणायच्या, “तीस वर्षं घरात हिऱ्याशिवाय विषय नाही, आणि माझ्या नाकात चमकी आहे ती खड्याची.”

मी या कॉलेजात मराठी शिकवायला आले तेव्हा अंकाचं संपादन पदार्थविज्ञानाकडे कसं, हे कोडं मलाही पडलं होतं. मग कळलं, की पूर्वी मराठी विभागातल्या दोन प्राध्यापकांचं एका कवितेवरून वाजलं, ते एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि प्राचार्यांनी वैतागून अंक अशा माणसाकडे दिला, ज्याचं कुणाशीच भांडण होणं शक्य नव्हतं. कारण भांडायला समोरच्याकडे लक्ष असावं लागतं. सरांचं लक्ष बहुधा खिडकीबाहेर असे. शिकवता शिकवता ते मध्येच गप्प होत आणि बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत राहत. मुलं शांतपणे वाट बघत. पाच-सात मिनिटांनी सर जिथे वाक्य सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. एकदा तर असे गप्प झाले असताना तास संपला, मुलं बदलली, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आत आले. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले, पूर्ण तास ऐकला आणि शेवटी हात वर करून मागणी-पुरवठ्यावर एक शंका विचारली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक अजून सांगतात, की इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलेली ती एकमेव शंका.

हिऱ्याचं त्यांचं काम मला समजावं अशी त्यांची फार इच्छा होती. एका सकाळी ते डब्यातून भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या घेऊन आले आणि स्टाफरूमच्या टेबलावर त्यांनी हिरा बांधला. “हे बघा मॅडम,” ते म्हणाले, “आतल्या प्रत्येक कार्बनला चार शेजारी. चार हात, चारही धरलेले. आतल्याला काही चिंता नाही. पण वरच्या थरात येऊन बघा. याचे दोन हात रिकामे. मग हा शेजारच्याकडे झुकतो, दोघं एकेक हात धरतात. तरी एकेक उरतोच. त्या उरलेल्या हातानं ते काय करतात, एवढंच मला बघायचंय.” मी विचारलं, की बघायला किती दिवस लागतील. सर म्हणाले, “सांगता येत नाही. त्यांना घाई नाही.” तो हिरा त्यांनी स्टाफरूमच्या खिडकीत ठेवला. शिपाईमामा त्यावर रोज इमानानं पाणी शिंपडायचे. तिसऱ्या दिवशी हिऱ्याला मोड आले. सर तासभर त्याच्यासमोर उभे होते. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी जवळ गेले, तर म्हणाले, “बघा, वरच्यांना आधी फुटले.”

त्यांची ही कीर्ती तालुक्याबाहेर गेली होती. पारनेरकडचे एक शेतकरी विहीर खोदताना सापडलेला दगड फडक्यात बांधून थेट कॉलेजात आले होते. आत पांढऱ्या काचेच्या सुयांचा गुच्छ असावा तसा तो दगड होता. सरांनी तो भिंगाखाली धरला, उन्हात धरला, मग हळू आवाजात सांगितलं, “हा हिरा नाही. पण असा दगड मी आजवर पाहिला नव्हता.” शेतकऱ्यांनी दगड पुन्हा फडक्यात बांधला. मग म्हणाले, “हिरा न्हाई म्हंता? बरं झालं सर. आठ दिस झाले, घरातलं कुनी झोपलं न्हाई राखत. आता उंबऱ्यापाशी ठिवतो, येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल.” दोघांनी मग कॅन्टीनमध्ये चहा घेतला. परत आल्यावर सर मला म्हणाले, की या माणसाकडून अंकासाठी एक लेख घ्यायला हवा होता.

लेख घ्यायला हवा होता, असं त्यांना कुणालाही भेटल्यावर वाटे. अंकाच्या शेवटच्या तपासलेल्या पानांचा गठ्ठा घेऊन एकदा ते नगरच्या छापखान्यात निघाले होते. पुण्याची एसटी धरली, खिडकीशी बसले, आणि नगर कधी आलं, कधी गेलं ते त्यांना कळलंच नाही. कंडक्टरनं हलवलं तेव्हा गाडी सुप्यात होती आणि कारखान्यांची पाळी सुटून रस्ता माणसांनी भरला होता. त्या गर्दीत आमच्याच कॉलेजातून शिकून गेलेला एकजण भेटला. संध्याकाळी सर छापखान्यात पोचले, तेव्हा गठ्ठ्यात एक पान जास्त होतं. त्या माजी विद्यार्थ्यानं चहाच्या टपरीवर बसून, मशीनच्या तेलाचे डाग असलेल्या कागदावर लिहून दिलेली ती कविता होती. छापखान्याचे मालक म्हणाले, पानं ठरलेली आहेत. सरांनी स्वतःचं संपादकीय काढून टाकलं. त्या वर्षीचा अंक संपादकीयाविनाच निघाला, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मुलांनी दिलेलं सगळं ते वाचत. सगळं म्हणजे सगळं. ‘आई’ या विषयावरच्या चाळीस कविताही. प्रत्येकीला स्वतःच्या अक्षरात उत्तर जाई, आणि त्यात पहिल्या वर्षाच्या मुलालाही ‘तुम्ही’. नकार असा नाहीच, ‘अजून एकदा लिहा’ एवढंच. एका मुलानं मोबाईलवरून उतरवलेली कविता स्वतःच्या नावावर दिली होती. अंकाच्या समितीतल्या सगळ्यांनी ओळखली. सरांनी त्याला बोलावून घेतलं आणि म्हणाले, “ही कविता चांगली आहे. ही तुमची नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. आता असं करा, इतक्या कवितांतून तुम्ही हीच का उचललीत, ते लिहून आणा.” मुलगा आठ दिवस तोंड लपवून फिरला. नवव्या दिवशी दोन पानं घेऊन आला. ती पानं अंकात आली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, त्या गोष्टीकडे येते. ती सांगायला मला सोपी नाही, कारण तिच्यात चूक माझी आहे.

दुसऱ्या वर्षाला नसरीन नावाची एक मुलगी होती. तिचे वडील पिंजारी, म्हणजे दारोदार जाऊन गाद्यांमधला जुना कापूस पिंजून देणारे. तिनं त्यांच्यावर चार पानं लिहिली होती. त्यात वडील गिऱ्हाइकाशी बोलतात तसंच बोलत होते. “कापसाला मार न्हाई द्यायचा, त्याला फकस्त उठवायचं,” असं एक वाक्य होतं. मी तेव्हा नवी होते आणि शुद्धलेखनाची मला फार काळजी होती. लाल पेन घेऊन मी ती चार पानं नीट केली. त्या वाक्याचं मी ‘कापसाला मारायचे नसते, त्याला केवळ जागे करायचे असते’ असं केलं, आणि मनातल्या मनात खूश झाले.

पानं संगणकावर लावून प्रेसला गेली. अंकाचं काम संपलं म्हणून सरांनी प्रयोगशाळेतल्या त्यातल्या त्यात बऱ्या संगणकावर हिऱ्याचं मोठं गणित सुरू केलं. वीज गेली तर काय, म्हणून घरचा इन्व्हर्टर रिक्षात घालून आणला आणि संगणकावर चिठ्ठी चिकटवली : ‘हात लावू नये. विचार चालू आहे.’ प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला होता. मध्येच थांबवला तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. सव्विसाव्या दिवशी सर सांगत होते, की आणखी आठवड्याभरात उत्तर येईल. त्याच दिवशी प्रेसमधून तपासायला पानं आली आणि मी कौतुकानं नसरीनला बोलावून तिची पानं दाखवली.

तिनं ती उभ्यानंच वाचली. मग पानं सरळ करून माझ्या हातात दिली.

“छान झालंय मॅडम,” ती म्हणाली. “फक्त हे अब्बांना वाचून दाखवता येणार नाही.”

“का गं?”

“त्यांना वाटेल, दुसऱ्याच कुणाच्या अब्बांवर लिहिलंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. सर शेजारच्या टेबलावर होते, खिडकीबाहेर बघत. मला वाटलं, त्यांनी काही ऐकलं नाही. ते तसेच बाहेर बघत म्हणाले, “मूळ कागद आहेत?”

कागद माझ्या कपाटात होते. पण पानं उद्या सकाळी प्रेसमध्ये हवी होती, आणि मराठी पानं लावायची सोय सगळ्या कॉलेजात एकाच संगणकावर होती, सरांचं गणित चालू होतं त्याच. मी म्हणाले, “सर, राहू द्या. आपण अंकात एक दुरुस्तीची चिठ्ठी घालू.”

“चिठ्ठी कोण वाचतं, मॅडम,” म्हणत ते उठले. आम्ही दोघी त्यांच्यामागून प्रयोगशाळेत गेलो. संगणकावर आकडे सरकत होते. सर खुर्चीत बसले, चष्मा पुसला, थोडा वेळ त्या आकड्यांकडे पाहिलं. निरोप देताना गाडी हलेपर्यंत माणूस खिडकीकडे पाहतो, तसं. मग त्यांनी गणित बंद केलं.

“सर, सव्वीस दिवस,” मला राहवलं नाही.

“परत लावू. कार्बन कुठे पळून जातोय.”

दुपारी एकपासून चारपर्यंत आम्ही ती पानं पुन्हा लावली. नसरीन वाचत होती, सर दोन बोटांनी टाइप करत होते, आणि मी शेजारी बसून ‘न्हाई’ हा ‘न्हाई’च राहतोय ना, हे तपासत होते. मराठीच्या इतक्या परीक्षा दिल्या, पण त्या दुपारइतकं लक्ष देऊन मी भाषा कधी वाचली नव्हती. मध्ये एकदा सर थांबले आणि त्यांनी नसरीनला विचारलं, “उठवायचं म्हणजे नेमकं काय करतात हो?” तिनं हातानं पिंजायच्या धनुष्याची तात, म्हणजे दोरी, ओढल्यासारखं करून दाखवलं. सर बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा त्या वेळी अगदी लहान मुलासारखा दिसत होता.

अंक वाटला त्या दिवशी तिचे अब्बा पिंजायचं धनुष्य सायकलला बांधून फाटकाशी आले. आत यायला संकोचत होते. तिथेच कडुनिंबाखाली नसरीननं त्यांना चारही पानं वाचून दाखवली. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हे म्या बोललो हुतो व्हय?” ती म्हणाली, हो. “लिवलं म्हंजी लई शहान्यासारखं दिसतं,” ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक प्रत मागून घेतली. एक घरात ठेवायला आणि एक सायकलच्या पिशवीत. सर हे सगळं जिन्यातून पाहत होते. मी त्यांना खाली चला म्हटलं, तर म्हणाले, “नको. आपण गेलो की ते बोलायचे थांबतील.”

हिऱ्याचं गणित सरांनी पुन्हा लावलं. पण मग परीक्षा आल्या, प्रयोगशाळा त्यासाठी लागली, नंतर संगणक बदलले, आणि नव्यांवर तो जुना प्रोग्राम चालेना. पुढच्या वर्षी परदेशातल्या कुणीतरी तेच उत्तर काढून छापलं. सरांनी तो लेख छापून घेतला आणि स्टाफरूममध्ये आणला.  ते एका आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून सगळ्यांना दाखवत होते. “आपलं इथपर्यंत बरोबर आलं होतं,” ते म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. मी त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काही सापडतंय का ते शोधत राहिले, आणि मला ते सापडलं नाही. नंतर जिना उतरताना कठड्याला हात लावून ते जरा जास्त वेळ थांबले, एवढंच. तसे तर ते एरवीही थांबत.

सर निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. अंक मी काढते. हल्ली तो मोबाईलवर पाठवतात. मुलं आधी स्वतःचं पान उघडतात, त्याचा फोटो काढून ठेवतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच थांबतात. मी मात्र काही प्रती छापून घेते. सरांची दृष्टी मध्यंतरी फार अधू झाली. डॉक्टर म्हणतात, कडेकडेचं दिसेल, मधलं नाही. गेल्या महिन्यात नवा अंक घेऊन मी त्यांच्याकडे गेले. वहिनींनी ओसरीत खुर्च्या टाकल्या. सरांनी अंक हातात घेतला, मुखपृष्ठावरून तळवा फिरवला आणि परत माझ्याकडे दिला.

“वाचा,” ते म्हणाले.

मी संपादकीय उघडलं.

“तिथून नको. अनुक्रमणिकेपासून. आणि नावं गाळू नका.”

मी वाचू लागले. लेखाचं नाव, मुलाचं नाव, वर्ग. सर डोळे मिटून ऐकत होते. एकाही मुलाला ते ओळखत नव्हते. तरी प्रत्येक नावाला त्यांची मान किंचित हलत होती, जणू तो मुलगा दारातून आत आला आहे आणि सर त्याला बसायला जागा दाखवत आहेत. उसाच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या, त्यांच्या आवाजात माझं वाचन मधूनमधून बुडत होतं. एका नावाला तसंच झालं. मी पुढे गेले, तर त्यांनी हात वर केला.

“मधलं एक राहिलं,” ते म्हणाले.

मी गाडी जाऊ दिली, आणि ते नाव पुन्हा वाचलं.