सव्वा तासावरची लेक

गोव्यातल्या सर्वण गावच्या भागीरथीकाकूंना कुणी विचारलं, "लेक कुठं दिली?" तर त्या नाशिक म्हणायच्याच नाहीत. "सव्वा तासावर," म्हणायच्या. विमानाचा सव्वा तास हो! मोपाच्या विमानतळावरून सरळ उत्तरेला, आकाशातून पावणेपाचशे किलोमीटर. लग्न ठरताना लेकीनं, तनयानं हे गणित आईच्या गळी उतरवलं आणि आईनं ते देवाच्या अंगाऱ्यासारखं जपून ठेवलं.

मग आली लग्नानंतरची पहिली चवथ, गणेशचतुर्थी. आमच्याकडे पहिल्या चवथीला लेकीच्या सासरी ओझें जातं. लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, फळं आणि ओटीचा नारळ. शेजारची राणी म्हणाली, "इतक्या लांब कसलं ओझें नेतेस गो? मिठाई तिथंही मिळते." काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तू डिचोलीच्या बाजारातून मासळी घेऊन येशील, तोवर मी नाशकात."

झालं, तोंडातून गेलं. आता ओझें धड पोचलं नाही तर राणी वर्षभर ऐकवणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, लेक लांब दिली हे खरं ठरणार.

मुलगा सुधीर गाडीनं सोडायला आला. मोपा गाठेपर्यंतच तास उलटला. मग रांग, तिच्या पुढं आणखी रांग. हे काही मोजायचं नाही, असं काकूंनी मनाशी ठरवलं.

काउंटरवरच्या मुलीनं पिशवीत काय आहे विचारलं. काकूंनी कौतुकानं सगळं सांगितलं.

"काकू, अख्खा नारळ नेता येत नाही."

काकूंचा चेहरा उतरला. तनयानं पाणी घालून वाढवलेल्या माडाचा नारळ तो. "अगो, नारळाशिवाय ओझें कसलं?" म्हणताना त्यांचे डोळे भरले. पास काढून आत आलेला सुधीर म्हणाला, "दे, मी घरी नेतो." पण काकूंची नजर त्या मुलीच्या गळ्यातल्या नव्याकोऱ्या मंगळसूत्रावर गेली होती.

"कुणाची गो तू?"

"मी मनीषा. माहेर हळर्णला. मे महिन्यात लग्न झालं."

"मग चवथीला माहेरी जाशील ना?"

"ड्युटी आहे, काकू. सासरी नाही, माहेरीही नाही."

हळर्ण तिथून जेमतेम अर्ध्या तासावर. काकूंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. "पदर पुढं कर." युनिफॉर्मला पदर कुठला? मनीषानं गळ्यातला रुमाल सोडून पसरला. त्यात काकूंनी नारळ घातला, तिला कुंकू लावलं. मागच्या रांगेतल्या कुणी घाई केली नाही.

नाशकात तनयानं पिशवी उघडून विचारलं, "आई, नारळ?" काकूंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. तनयाच्या सासूबाई उठल्या, पूजेसाठी आणलेला नारळ घेऊन आल्या. "विहीणबाई, भरा लेकीची ओटी."

संध्याकाळी राणीचा फोन आला. "पोचलीस? किती वेळ लागला गो?"

काकूंचे पाय सुजले होते. तनया त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून नेवरी खात होती.

"सव्वा तास," काकू म्हणाल्या.