वार खाली आणि खाडी आडवी

"प्लासेंटा प्रिव्हिया," डॉक्टर म्हणाल्या आणि पडद्यावरच्या करड्या ढगांकडे बोट दाखवलं. मला ते ढगच वाटले. खोलीत अंधार, पोटावर गार जेल, वर पंख्याची घरघर. पाचव्या महिन्यात मला कुठेही पाठ टेकली की डुलकी लागायची. माझी सव्वादोन वर्षांची सई माझ्या चपला घालून खोलीभर फटक फटक फिरत होती. मी अर्धवट झोपेत मनात म्हणत होते, काय छान नाव आहे, प्रिव्हिया! मुलगी झाली तर ठेवावं.

मग त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. प्लासेंटा म्हणजे वार, जिच्यातून पोटातल्या बाळाला रक्त मिळतं. ती वरच्या अंगाला हवी. माझी खाली, पिशवीच्या तोंडावरच बसली होती. "पोट वाढतं तशी पुष्कळदा ती वर सरकते. नाही सरकली तर रक्तस्राव होऊ शकतो, बाळाच्या आणि तुमच्याही जिवावर बेतू शकतं. जड उचलायचं नाही, धक्के खायचे नाहीत, नवऱ्याने लांब झोपायचं. रक्ताचा थेंब दिसला तरी मला फोन."

"आणि हिला?" मी सईकडे पाहिलं.

"हिला तर मुळीच उचलायचं नाही."

बाईसाहेबांनी नेमके तेव्हाच दोन्ही हात वर केले. "उच्चल!"

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या जवळ. नवरा पनवेलला नोकरीला, शनिवारी येतो. घरी मी, सासूबाई आणि सई. तपासणीला अलिबागला जायचं तर दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडायची, पलीकडे आगरदांड्याला उतरायचं आणि मुरुडवरून गाडीने पुढे. गाडी बोटीवरच चढते. ऐकायला मजा वाटते ना? सोबत सई घेऊन जा आणि मग बोला.

तिला बोटीचा दरवाजा उघडताना शू लागते. तिला स्वतःचा पाव नको, पक्ष्यांना द्यायचा असतो, आणि पक्ष्याने नेला की तोच परत हवा असतो. तुमच्यापैकी कुणाला पोटात एक आणि हाताशी एक असं फिरायची वेळ आली तर एक सांगते. उभ्याने वाद घालू नका, खाली बसा. मी कुठेही बसायचे, धक्क्यावर, दवाखान्याच्या पायरीवर, एकदा तर मासळीच्या टोपल्यांशेजारी. मी बसले की ती आपली आपण मांडीवर चढायची. डॉक्टरांनी एवढी सूट दिली होती.

बोट सुटली की मात्र ती गप्प व्हायची. इंजिनची थरथर पायांतून वर येई, पाण्याचा उजेड तिच्या गालावर हले, आणि ती माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपे. आतलं बाळ लाथ मारी, ही झोपेत त्याला चापट मारी. मी दोघांच्या मधली भिंत होऊन बसून राही. आयुष्यात इतकं सुख मला कधी वाटलं नव्हतं.

सातवा लागला आणि सासूबाईंनी फर्मान काढलं. "आता खाडी ओलांडायची न्हाय. सातव्यात पानी ओलांडत न्हाईत."

"अहो आई, मग तपासणी?"

"रस्त्यानं जा. म्हसळ्यावरनं, मानगाववरनं."

"त्या रस्त्याला नद्या नाहीत का? पूल लागतात की."

"पुलाचं काय न्हाय. पूल म्हंजे जमीनच."

आता यावर काय बोलणार, कपाळ! नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, आई म्हणते तर जा ना गाडीने, मीही परस्पर तिकडे येतो. भांडायला अंगात त्राण नव्हतं. डॉक्टरांना विचारावं हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाणी टाळायचं म्हणून आम्ही घाट आणि खड्डे पत्करले.

सकाळी निघालो. पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही तिघी. बोर्ली मागे पडली, चढ सुरू झाला, गाडी एकदा आदळली, दुसऱ्यांदा आदळली. सई खिदळत होती. मला ओलं वाटलं. हात लावून पाहिलं तर लाल, ताजं रक्त. दुखत अजिबात नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा बायांनो, दुखत नाही म्हणून हे लहान समजायचं नाही. मी "आई" एवढंच म्हणाले. सासूबाईंनी साडीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "गाडी फिरव," त्या ड्रायव्हरवर ओरडल्या.

मागे फिरून सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरने सलाईन लावलं, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि अलिबागच्या डॉक्टरांना फोन केला. मग माझ्या पलंगापाशी येऊन म्हणाला, "रक्ताची, ऑपरेशनची तयारी त्या तिकडे ठेवतायत. पण घाटाने नेऊ नका, धक्के बसतील. बोटीने न्या."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. मग सईला कडेवर घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या. "बोटीनं न्या. मी हाय."

खाडीवर ॲम्ब्युलन्सचं मागचं दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलं होतं. पाण्यावरचा उजेड आतल्या छतावर लाटांसारखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत पडले होते आणि मला वाटत होतं, मीच पाण्याखाली आहे आणि वरून बोट चाललीय. बाळ हललं की मी मोजत नव्हते, नुसती म्हणत होते, राहा रे, राहा. सासूबाईंनी माझं पाऊल घट्ट धरलं होतं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. मला त्यांचा राग येत होता, खूप. आणि त्यांनी पाऊल सोडू नये असंही वाटत होतं.

अलिबागला नवरा दारातच उभा होता. बाळाचे ठोके ठीक निघाले. मला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून ती देतात. क्रॉस-मॅच केलं, म्हणजे माझ्या रक्ताशी जुळणारं रक्त आणून तयार ठेवलं. संध्याकाळी रक्तस्राव थांबला. "आता बाळंत होऊनच घरी," डॉक्टर म्हणाल्या.

मग सुरू झालं नुसतं पडून राहणं. खिडकीबाहेर सुरूची झाडं होती, त्यांचा आवाज समुद्रासारखा यायचा. दुपारी झोप लागली की मी बोटीवर असायचे, जाग आली की पलंगावर, आणि कधीकधी कुठे आहे ते कळायला वेळ लागायचा. रोज एनएसटी करायचे. पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, त्याला म्हणतात एनएसटी. तो आवाज ऐकून सई म्हणायची, "आईच्या पोटात घोडा!" ती आणि सासूबाई जवळच एका खोलीत भाड्याने राहिल्या होत्या. दुपारी सई यायची, चपला काढायची आणि माझ्या पायांशी मुटकुळं करून झोपायची. उचल म्हणायचं तिने सोडून दिलं होतं. त्याचंच मला एकदा रडू आलं.

पुढच्या सोनोग्राफीला सासूबाई नेहमीसारख्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. पडद्यावर बोट फिरवून दाखवलं, हे डोकं, ही वार, ही बघा इथे आडवी. ही सुटली की रक्त जातं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"दुखत न्हाय ना तवा?" त्यांनी विचारलं.

"नाही दुखत."

"माजा पन दुखला नव्हता."

आणि त्या सांगायला लागल्या. लग्नानंतर पहिल्याच खेपेला, सातव्या महिन्यात, त्या शिडाच्या मचव्यातून खाडीपलीकडे माहेरी निघाल्या होत्या. मधोमध गेल्यावर अंगावरून जायला लागलं. पलीकडे पोचेपर्यंत सगळं संपलं. मुलगा होता. "सगली बोलली, सातव्यात पानी ओलांडलान, म्हनून गेला. मी पन तेच बोलली."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढे कळलं, नवऱ्यालाही नव्हतं.

डॉक्टरांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "तेव्हाचं मला आज नक्की सांगता येणार नाही, मावशी. हेच असेलही कदाचित. पण पाणी ओलांडल्याने असं होत नाही. नाही म्हणजे नाही."

"मंग माजी चूक नव्हती?"

"नव्हती हो."

कागद ठेवलेला असतानाही सासूबाईंनी माझ्या पोटावरचं जेल स्वतःच्या पदराने पुसलं, अगदी हलक्या हाताने.

वार शेवटपर्यंत वर सरकली नाही. ठरलेल्या दिवशी सिझेरियन झालं. कमरेखाली बधिर, वर जागी. दोन बाटल्या रक्त चढलं. मी दिव्याकडे बघत होते आणि कानात प्राण आणून ऐकत होते. मग मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला, आणि पाठोपाठ चांगलं खणखणीत भोकाड. मुलगी! प्रिव्हिया ठेवलं नाही, काळजी करू नका.

डॉक्टरांचे, त्या तरुण डॉक्टरचे, रक्त देणाऱ्या अनोळखी माणसांचे आभार मानायला शब्द कमी पडतात. आणि तुम्हाला एकच विनंती. तुमच्याही घरात कुणी मोठी बाई अडून बसेल, हे नको, ते नको म्हणेल. रागवा तिच्यावर, मीही रागावले, आणि तो राग सगळा गेलाय असं खोटं सांगणार नाही. पण तिला सोनोग्राफीच्या खोलीत आत न्या. बाहेर बाकावर बसवू नका.

घरी निघालो तेव्हा नवऱ्याने गाडी सुरू करून आईकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खाडीवरनं चल."

बोट मधोमध आली तशा सासूबाई सईचा हात धरून कठड्यापाशी गेल्या. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. "हितं तुजा काका गेला," त्या सईला म्हणाल्या. "तुज्या पप्पाच्या आधीचा. बारीक होता."

सईने वाकून पाण्यात पाहिलं. "काकाचं नाव काय?"

"नाव न्हाय ठेवला कोनी." मग पाण्याकडे बघत, "मी मनात दत्ता बोलवायची."

सईने हात उंच केला आणि अख्ख्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दत्ताकाका, टाटाऽऽ!"

बोटीवरची माणसं वळून बघायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि दुसरा हात वर करून त्यांनीही हलवला.