झुलेखाबींची तबकडी

साजगावच्या भंगारवाल्याने फोटो पाठवला तो रिकाम्या कव्हरचा. बर्फात उभी चार माणसं, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. कॅनडातल्या रॉक बँडच्या जुन्या एलपी मी कित्येक वर्षं जमवतो आहे. फोटोतल्या या बँडच्या बाकी सगळ्या तबकड्या माझ्याकडे आहेत, ही पहिलीच तेवढी मिळत नव्हती. कव्हर तिथे निघालं म्हणजे तबकडीही जवळपास असणार. चौकशी केली आणि मी कर्जतला जाऊन उतरलो.

कव्हर खालापूरच्या वाटेवरच्या एका वाडीतून रद्दीत आलं होतं. रिक्षावाल्या काशिनाथला घराची खूण सांगितली, तर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"रेकॉर्डवाल्या बिबींकडं? मंग दुपारच्या आत पोचाया हवं. तवाच लावतात त्या."

"काय लावतात?"

"गाणं हाय म्हनतात. आमी शेतावरनं ऐकतो, तर गाणं नाय काय नाय. घरातनं नुसता वारा येतो बगा."

पळसदरीचं तळं मागे पडलं. भाताची शेतं उघडी पडली होती, मधूनमधून राब (रोपांसाठी भाजलेली जमीन) काळे दिसत होते. वाडीच्या अलीकडे टायर पंक्चर झालं, म्हणून मी चालत निघालो. धूर सरळ वर चढत होता. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि तरी मला वारा ऐकू आला. तो समोरच्या कौलारू घरातून येत होता.

झुलेखाबी दारातच बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावर पांढरी ओढणी. मागे स्टुलावर प्लेअर फिरत होता. मी नमस्कार करून तोंड उघडणार, तोच त्यांनी बोट वर केलं.

"आता," त्या म्हणाल्या. ओठ हलले. "आला."

मला खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही.

भाकरी आणि सुकट वाढता वाढता त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ इस्माईल जहाजावर स्वयंपाकी होता, कॅनडात उतरला आणि तिथेच राहिला. गावातल्या एका खलाशाबरोबर त्याने ही तबकडी धाडली, निरोपासकट: मागे जे गातात त्यांच्यात माझा आवाज आहे. त्यानंतर इस्माईलची खबर नाही. तेव्हापासून रोज दुपारी त्या लावतात. सुईने घासून घासून गाणी कधीच पुसून गेली होती.

मी तबकडी मागितली. मागताना माझाच आवाज मला परका वाटला.

"न्या. माज्यामागं भंगारातच जायची," त्या म्हणाल्या. "पन आदी एकडाव ऐका त्याला."

त्यांनी पुन्हा सुई टेकवली आणि पाणी आणायला आत गेल्या. मी कान लावून बसलो. खरखर संपली, मी सुई उचलून बाजूला ठेवली, तबकडी थांबली. दुपार एकदम गप्प झाली. आणि माझ्या कानाशी कोणीतरी श्वास घेतला. खोल, भरून, गाण्याआधी घेतात तसा.

मी मागे वळलो. भिंत होती.

आतून झुलेखाबींनी विचारलं, "आला न?"

पाणी पिऊन उठलो. तबकडी तिथेच ठेवली. चांगली मिळाली तर पाठवीन, एवढंच कसंबसं म्हणालो. काशिनाथ टायर बदलून उभा होता. माझं तोंड पाहून त्याने काही विचारलं नाही, कर्जत येईपर्यंत बोलत मात्र राहिला. त्या बोलण्याचा मोठा आधार वाटला.

पुढे परदेशातल्या एका विक्रेत्याकडून तीच एलपी मिळाली, जवळजवळ न वाजलेली. घरी दारं लावून ऐकली, दोन्ही बाजू, पुन्हा पुन्हा. मागे गाणारं कोणी नाही. एकाही गाण्यात नाही.

पाठवायचं कबूल केलं होतं, म्हणून झुलेखाबींना फोन केला. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. त्यांनीच आधी विचारलं,

"तुमी त्या दिवशी तसेच उठून गेलात. माजा भाऊ ऐकलात का नाय?"

"ऐकला," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या हसल्या. नव्या तबकडीचा विषय मी काढलाच नाही. माझ्या कपाटात त्या बँडचा संच आता पुरा आहे. ती पहिली एलपी मात्र मी पुन्हा लावली नाही. तिच्यात इस्माईल नाही.